एक टायर बदलण्याआधी: हॅरी फर्ग्युसन

जुन्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला एकच नवा टायर टाकताय? थांबा, आधी हॅरी फर्ग्युसन. १८८४ चा जन्म, आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा पोरगा. बेलफास्टला भावाच्या गॅरेजात रिपेअरिंग शिकला, १९०९ मध्ये स्वतः बनवलेलं विमान उडवलं. ट्रॅक्टरची थ्री-पॉइंट लिंकेज त्याचीच. उतारवयात चारही चाकांना ताकद देण्याच्या मागे लागला. १९६० मध्ये गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीची पी ९९ घेऊन स्टर्लिंग मॉसने ओल्टन पार्कची शर्यत मारली. हे बघायला तो हवा होता, यार.

त्याच्या माणसांनी पुढे गाड्यांत व्हिस्कस कपलिंग आणलं: सिलिकॉन तेलात फिरणाऱ्या पातळ चकत्या. पुढची-मागची चाकं कमी-जास्त वेगाने फिरली की ते तापतं, घट्ट धरतं. तीन झिजलेल्या टायरांत एक कोरा टाकला, तर हा फरक सतत राहतो आणि कपलिंगची वाट लागते. म्हणून मी पाना उचलण्याआधी चारही टायरांचा घेर टेपने मोजतो.