हिटलरला अवतार ठरविणाऱ्या सावित्रीदेवी

घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीच्या कोणत्याही सोसायटीत जिना चढताना दारोदारी कुंकवाने रेखलेले स्वस्तिक दिसते. लक्ष्मीपूजनाच्या वहीवर, नव्या गाडीवर, लग्नपत्रिकेवर ते असतेच. आपल्या मनात त्याने मांगल्याखेरीज दुसरा भाव उमटत नाही. युरोपात मात्र नाझींच्या ध्वजामुळे या आकृतीशी छळछावण्यांच्या आठवणी जडल्या. ही दोन स्वस्तिके एकाच धर्माची आहेत, असा हट्ट एका युरोपीय विदुषीने जन्मभर धरला. तिचे नाव सावित्रीदेवी मुखर्जी.

मूळ नाव मॅक्सिमियानी पोर्टास. जन्म ३० सप्टेंबर १९०५ रोजी फ्रान्समधील लियाँ शहरात. वडिलांचे कूळ ग्रीक-इटालियन, आई इंग्रज. तत्त्वज्ञान व रसायनशास्त्र या दोन्ही विषयांत गती असलेल्या या मुलीने लियाँ विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. प्राचीन ग्रीसच्या देवदेवतांचे तिला वेड होते. ख्रिस्ती धर्माने युरोपचा मूळ धर्म बुडवला, ही खंत मनात घर करून बसली आणि १९२९ मधील पॅलेस्टाइनच्या प्रवासानंतर तिला ज्यूद्वेषाची कडवट धार आली. मूर्तिपूजक आर्यांची संस्कृती जिवंत उरली आहे ती केवळ हिंदुस्थानात, अशा समजुतीने त्या १९३२ साली येथे आल्या. काही काळ शांतिनिकेतनात राहिल्या आणि सावित्रीदेवी हे नाव त्यांनी घेतले.

त्यांच्या विचारांच्या घडणीत महाराष्ट्राचाही धागा आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदांतील दीर्घ उषःकालाच्या वर्णनांवरून आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असावे, हा त्यातील तर्क. वेदांचे प्राचीनत्व सिद्ध करणे हा लोकमान्यांचा हेतू होता. युरोपातील वंशवादी गूढविद्यावाल्यांनी मात्र त्यातून उत्तरेकडून आलेल्या गौरवर्णी देवमाणसांची कथा रचली आणि सावित्रीदेवींनी ती प्रमाण मानली. पुढे कलकत्त्याच्या हिंदू मिशनसाठी त्या गावोगाव व्याख्याने देत हिंडल्या. १९३९ साली त्यांचे ‘अ वॉर्निंग टु द हिंदूज’ हे पुस्तक निघाले, त्याची प्रस्तावना बाबाराव सावरकरांची होती. पुढच्याच वर्षी त्यांनी असितकृष्ण मुखर्जी या जर्मनीधार्जिण्या बंगाली संपादकाशी विवाह केला.

जर्मनीचा पराभव त्यांना सोसवला नाही. १९४८ साली त्या उद्ध्वस्त जर्मनीत शिरल्या आणि नाझीवादाची पत्रके वाटू लागल्या. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्यांना अटक झाली. ब्रिटिश लष्करी न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा ठोठावली, परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वेर्ल येथील तुरुंगातून त्यांची सुटका झाली. या शिक्षेने त्यांची श्रद्धा अधिकच पक्की केली.

१९५८ साली प्रसिद्ध झालेला ‘द लाइटनिंग अँड द सन’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ. त्यात इजिप्तचा राजा अखेनातेन, चंगीझखान आणि हिटलर यांना त्यांनी एका ओळीत बसवले. कलियुगाच्या प्रवाहाविरुद्ध उभा ठाकलेला पुरुष म्हणजे हिटलर, तो विष्णूचा अंशावतार आणि कल्कीचा अग्रदूत, ही त्यातील मांडणी. गीतेतील निष्काम कर्माचा आधार घेऊन त्यांनी निर्घृण हत्येलाही कर्तव्याचे रूप दिले. याच बाई कट्टर शाकाहारी होत्या. प्राण्यांच्या छळाविरुद्ध त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले, दिल्लीत भटक्या मांजरांना जेवू घातले. साठ लाख ज्यूंच्या संहाराने मात्र त्यांचे मन द्रवले नाही.

१९६२ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या नवनाझींच्या जागतिक संघटनेत त्या सामील होत्या. पतीच्या निधनानंतर काही वर्षे त्या दिल्लीत राहिल्या. व्याख्यानांसाठी अमेरिकेला निघाल्या असता २२ ऑक्टोबर १९८२ रोजी इंग्लंडमध्ये एका परिचिताच्या घरी त्यांचा मृत्यू झाला.

विचार मात्र उरले. पन्नाशीच्या दशकात भारतात चिलीचे राजदूत असलेले मिगेल सेरानो यांनी हिटलरभक्तीचा गूढ पंथच उभारला. युरोप-अमेरिकेत ओडिन, थॉर या जुन्या देवांची उपासना पुन्हा सुरू करणाऱ्या मंडळींत वंशवादी गट शिरले, तेव्हा सावित्रीदेवींचे ग्रंथ त्यांना आयतेच सापडले. याच उपासकांपैकी अनेकांनी या गटांशी उघडपणे संबंध तोडले. आपले देव कुणाच्या रक्ताची मक्तेदारी नाहीत, ही त्यांची भूमिका आहे.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा वाटतो. तरीही हिटलरचे आत्मचरित्र आपल्या पदपथांवर व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांशेजारी विकले गेले. २००६ साली खारघरमध्ये हिटलरच्या नावाचे उपाहारगृह निघाले आणि ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते नाव बदलावे लागले. तो समाज परका नव्हे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात शनवार तेली म्हटले गेलेले बेने इस्रायली मराठीच बोलतात. मुलुंडपलीकडे ठाण्यात त्यांचे प्रार्थनामंदिर १८७९ पासून उभे आहे. सावित्रीदेवींच्या तत्त्वज्ञानात या शेजाऱ्यांना जगण्याचा अधिकार नव्हता. दारावरच्या स्वस्तिकाचा मान राखणाऱ्यांनी हे विसरता कामा नये.