श्रद्धेची कसोटी

संकटात ईश्वराच्या हेतूवर विश्वास ठेवणे म्हणजे हातपाय गाळून बसणे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. पंडिता रमाबाईंचे चरित्र तो खोटा ठरविते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गमावली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व स्वकीयांचा रोष पत्करला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात, स्वतः सोसलेली भूक स्मरून, त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या आणि केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

दुःख का आले, याचा उलगडा त्यांना झाला की नाही, हे कोणी सांगावे? परंतु ज्या भुकेने त्यांचे घर बुडविले, तिच्याच तोंडातून शेकडो मुली त्यांनी सोडविल्या. श्रद्धेची कसोटी याहून निराळी ती कोणती?