५५ अंशांचा माणूस

बाइकचं इंजिन खोलायला बसलात, किंवा शेतातल्या फवारणी पंपाचं. चार बोल्ट सटासट निघाले आणि पाचवा हलेना. तुम्ही जोर लावला, पाना घसरला, बोटाचं सालटं निघालं आणि बोल्टचं सहा कोनांचं डोकं गुळगुळीत गोल झालं. आता काय?

जाणता फिटर अशा वेळी आधी जोर लावतच नाही. आटे उलटे तर नाहीत ना, हे पाहतो. (गवत कापायच्या मशीनच्या पात्याचा नट बहुतेक वेळा उलट्या आट्यांचा असतो. तो नेहमीसारखा सोडवायला गेलात की आणखी आवळतो.) मग गंज सैल करणारं तेल सोडून निवांत थांबतो, डोक्यावर हातोडीचे हलके ठोके देतो, पेट्रोल लांब ठेवून थोडी आच देतो. डोकं गोल झालं असेल तर त्यावर दुसरा नट वेल्ड करून त्याला पाना लावतो. डोकंच तुटलं तर उरलेल्या खुंटात बरोबर मधोमध भोक पाडून इझीआउट घुसवतो. खुंट निघाला की भोकात टॅप फिरवून आटे साफ करतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच मापाचा नवा बोल्ट आणून बसवतो.

या शेवटच्या कामाला आपण कामच समजत नाही. दुकानात जायचं, माप सांगायचं, झालं. पण दोनशे वर्षांपूर्वी हेच जमण्यासारखं नव्हतं. इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. इंचात किती आटे, ते किती खोल, कोन किती, सगळं ज्याचं त्याचं. बोल्ट तुटला की ज्यानं मशीन बनवलं त्याच्याकडे जा, नाहीतर नवा बोल्ट त्या एका भोकासाठी घडवून घ्या. हा गोंधळ ज्यानं मिटवला, तो माणूस म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ.

जन्म १८०३ सालचा, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. वडील शाळामास्तर आणि धर्मोपदेशक. आई लहानपणीच गेली. चौदाव्या वर्षी पोराला डर्बीशायरमधल्या मामांच्या सूतगिरणीत कामाला लावलं. पुढेमागे गिरणीत भागीदारी मिळेल असा घरच्यांचा हिशेब होता. पोराला मात्र सूतही नको होतं आणि हिशेबही नको होता, त्याला ते कातणारी यंत्रं हवी होती. चारेक वर्षांनी त्यानं गिरणी सोडली आणि मँचेस्टरला साधा मेकॅनिक म्हणून राबू लागला.

१८२५ मध्ये लग्न झालं आणि त्याच सुमारास तो लंडनला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात लागला. त्या काळात मॉडस्लेकडे काम मिळणं म्हणजे आजच्या एखाद्या बड्या टेक कंपनीत घुसण्यासारखंच होतं. स्वतःच्या कारखान्यापुरते आटे एका मापाचे ठेवायची शिस्त मॉडस्लेनं आधीच लावली होती. पुढे व्हिटवर्थ जोसेफ क्लेमेंटकडे गेला. चार्ल्स बॅबेजच्या गणिती यंत्राचे सुटे भाग बनवणारा हाच तो क्लेमेंट. तिथे अचूकपणाचं वेडच होतं.

१८३३ मध्ये व्हिटवर्थनं मँचेस्टरमध्ये स्वतःचं वर्कशॉप टाकलं. पहिला ध्यास होता सपाटीचा. आता तुम्हीच सांगा, एखादी लोखंडी पाटी खरोखर सपाट आहे हे ओळखायचं कसं? दोन पाट्या एकमेकींवर घासून चालत नाही, कारण एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या चपखल बसतात. म्हणून पाट्या तीन घ्यायच्या. आलटून पालटून जोड्या लावायच्या, रंगाचा पातळ थर देऊन उंचवटे शोधायचे आणि तेवढेच खरवडायचे. तिन्ही जेव्हा एकमेकींवर बसतात, तेव्हा तिन्ही सपाटच असतात. ही युक्ती पहिली कुणाची, यावर वाद आहेत. पण घासण्याऐवजी खरवडायचं, हे व्हिटवर्थनं १८४० मध्ये जाहीरपणे मांडलं. आयटीआयला फिटर ट्रेड केलेल्यांना हे स्क्रेपिंग ओळखीचं वाटेल.

पुढच्याच वर्षी, १८४१ मध्ये, तो आट्यांकडे वळला. इथे त्याची खरी हुशारी दिसते. आपलं माप सगळ्यांच्या गळी उतरवायला तो गेला नाही. देशभरातल्या मोठ्या कारखान्यांमधून त्यानं बोल्ट गोळा केले, मोजले आणि सगळ्यांच्या मधलं माप काढलं. आट्यांचा कोन आला ५५ अंश. पाव इंची बोल्टला इंचात २० आटे, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८. असा तक्ता त्यानं सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे ठेवला. कुणाचंच माप जसंच्या तसं नव्हतं, त्यामुळे कुणाला हरल्यासारखंही वाटलं नाही. त्याचा कारखाना या मापाचे टॅप आणि डाय विकायचा, म्हणजे धंदाही साधला. त्यात वाईट काय?

आट्याचं टोक आणि बूड त्यानं गोलसर ठेवलं. टोकदार कडा लवकर चेपते आणि धारदार खाचेतून तडा सुरू होतो, हे त्याचं कारण. आधी रेल्वेवाल्यांनी ही मापं उचलली. मग क्रिमियन युद्ध आलं आणि नौदलाला गनबोटींसाठी सुमारे ९० इंजिनं घाईनं हवी होती. एका कारखान्याचं ते काम नव्हतं. भाग ठिकठिकाणी वाटून बनवले, एकत्र आणले आणि ते जुळले.

मोजमापात तर हा गडी कुठच्या कुठे गेला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यानं इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारं यंत्र मांडलं. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे हजारो भाग मावतात.

सगळंच जमलं असं नाही. सहा कोनी नळीची त्याची रायफल नेमबाजीत अप्रतिम होती. १८६० मध्ये विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियानं तिचा पहिला बार काढला. पण ब्रिटिश लष्करानं ती मोठ्या प्रमाणावर घेतली नाही. आट्यांनाही स्पर्धक आला. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सनं ६० अंशांचा, सपाट टोकाचा आटा पुढे आणला. तो साध्या वर्कशॉपमध्येही सहज कापता यायचा, व्हिटवर्थचा गोलसर आटा कापायला कटकटीचा. माझ्या मते इथे व्हिटवर्थचं गणित चुकलं. स्वतःच्या कारखान्यात सहज होतं ते गावच्या लोहारालाही सहज होईल असं नसतं.

१८६८ मध्ये त्यानं होतकरू इंजिनिअरांसाठी वर्षाला शंभर पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या सुरू केल्या. त्यात नुसता लेखी पेपर पुरेसा नव्हता, कानस धरता येते का तेही बघायचे. पुढच्या वर्षी त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो इथे तो गेला. मूलबाळ नव्हतं. संपत्तीतून मँचेस्टरला कलादालन आणि बाग झाली, आणि कॅन्सरच्या हॉस्पिटललाही त्यातून हातभार लागला.

त्याच्या मागे ५५ आणि ६० चं भांडण मात्र राहिलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिका एकाच बाजूनं लढत होते, पण अर्ध्या इंची बोल्टला इकडे १२ आटे आणि तिकडे १३. याचा नट त्याला चढेना. अखेर १८४१ नंतर १०७ वर्षांनी, १९४८ मध्ये, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडानं ६० अंशांचा सामाईक आटा ठरवला. पुढे मेट्रिक मापं आली.

तरी जुन्या बीएसए किंवा बुलेटवर काम करणार असाल तर सांभाळा. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाची रुंदी सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड सुमारे १३.३ मिलिमीटर असतं. त्या नटावर आपला १३ नंबरचा पाना चढत नाही आणि १४ चा डुलतो. १४ चा लावून हिसका दिलात की डोकं गोल झालंच म्हणून समजा.

आणि व्हिटवर्थचा आटा हातात घ्यायला जुनी मोटारसायकलच हवी असंही नाही. घरातल्या नळाला टेफ्लॉनची टेप गुंडाळून तो अर्ध्या इंची पाइपात फिरवता ना? तिथे इंचात १४ आटे असतात, आणि त्यांचा कोन अजूनही ५५ अंशच आहे.