पाणथळींचा नोंदवहीकार

राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव घना या उथळ तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ शिकारीचा मोठा बेत आखण्यात आला. त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी टिपले गेले. योगायोग असा, की त्याच दिवशी मुंबईच्या सलीम अली यांनी वयाची ४२ वर्षे पूर्ण केली. ज्या तळ्यावर बंदुका धडाडत होत्या, तेच तळे पुढे कायद्याच्या संरक्षणाखाली आले. त्यामागे अलींनी आयुष्यभर केलेल्या नोंदींचे बळ होते.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला. बालपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले आणि खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, तेव्हा तिची ओळख पटवण्यासाठी हा मुलगा १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पोहोचला. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याच्यासमोर पक्ष्यांच्या संग्रहाचे कप्पे उघडले. पुढे आयुष्यभर या संस्थेशी त्यांचे नाते जडले.

मार्ग मात्र सरळ नव्हता. ब्रह्मदेशात भावाच्या खाण व्यवसायात उमेदवारी झाली, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी झाली, बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली प्रशिक्षणही झाले. परंतु १९३० मध्ये परतल्यावर नोकरी उरली नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहू लागले. तेथे सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचे त्यांनी दिवसचे दिवस निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट बांधतो, मादी ते पारखून पसंत करते आणि मग नर दुसर्‍या घरट्याच्या कामाला लागतो, हा क्रम त्यांनी नोंदवून ठेवला.

त्यानंतर त्यांनी संस्थानांच्या पक्षी-सर्वेक्षणांचे काम अंगावर घेतले. प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च संस्थानाने द्यावा आणि अलींनी वेतनाविना काम करावे, अशी ही व्यवस्था असे. १९३१-३२ मध्ये हैदराबाद, त्यानंतर त्रावणकोर-कोचीन आणि पुढे कच्छ अशी ही भ्रमंती चालली. कोणता पक्षी, कोठे, कोणत्या महिन्यात, किती संख्येने आणि कोणत्या अधिवासात आढळला, हे टिपण्याची शिस्त त्यांनी कधी सोडली नाही. १९३९ मध्ये तेहमिना यांचे निधन झाले. या आघातानंतरही भ्रमंती थांबली नाही. १९४५ मध्ये कच्छच्या मोठ्या रणात त्यांनी रोहित पक्ष्यांची विराट वसाहत पाहिली आणि घरट्यांच्या मोजणीवरून तेथील पक्ष्यांची संख्या सुमारे ५ लाख असल्याचा अंदाज मांडला. ज्या भूभागाला नकाशे केवळ ओसाड खारजमीन समजत होते, तेथील जीवसृष्टीला अशा रीतीने आकडा मिळाला.

स्वातंत्र्यानंतर भरतपूरच्या तळ्याचे पाणी सिंचनाला आणि जमीन शेतीला मिळावी, अशी मागणी जोर धरू लागली. भुकेल्या देशात ही मागणी अवाजवी म्हणता येणार नव्हती. अलींनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्यापर्यंत तळ्याची बाजू नेली आणि १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य घोषित झाले. १९५९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात क्रमांकाच्या कड्या घालण्याचा प्रकल्प हाती घेतला. पक्ष्यांमार्फत रोग पसरतात का, हा त्यामागील प्रश्न होता. भरतपूरला कडी चढवलेली बदके सोव्हिएत संघाच्या दूरच्या प्रदेशांत सापडू लागली. एका तळ्याचे भवितव्य खंडाच्या दुसर्‍या टोकाशी जोडलेले आहे, हे त्यातून सिद्ध झाले. १९८१ मध्ये केवलादेव आणि ओडिशातील चिल्का यांचा रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत समावेश झाला. १९८५ मध्ये केवलादेव जागतिक वारसास्थळही ठरले.

या यशाला एक काळी किनार आहे. उद्यानात गुरे चारण्यास बंदी असावी, असे अलींचेही मत होते. १९८२ मध्ये बंदी आली, संतप्त गावकर्‍यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही जणांना प्राण गमवावे लागले. सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी दहा वर्षे केलेल्या अभ्यासाने नंतर वेगळे चित्र समोर आणले. म्हशी चरेनाशा झाल्याने पाणगवत माजले आणि पाणपक्ष्यांना लागणारे मोकळे पाणी आक्रसले. सीमारेषा आखून काम संपत नाही, त्यानंतरही नोंदी ठेवाव्याच लागतात, हे अलींच्याच पद्धतीने दाखवून दिले. हा निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते हयात नव्हते. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले होते.

वहीतल्या नोंदींच्या जोडीला पुढे उपग्रहही आला. उपग्रहचित्रांवरून तयार झालेल्या २०११ च्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरहून मोठ्या २ लाखांहून अधिक पाणथळी नोंदल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अशा २,०१,५०३ पाणथळींना नियमांचे संरक्षण देण्याचा आदेश दिला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. उपग्रह पाण्याचा विस्तार दाखवतो. त्या पाण्यावर कोणता पक्षी उतरतो, किती उतरतात आणि केव्हा, हे मात्र आजही काठावर उभे राहून मोजावे लागते. अलींनी या देशाला लावलेली सवय तीच होती.