मनाला वळण लावणारे तुकोबा

माणूस स्वतंत्र आहे की तो आपल्या स्वभावाचा आणि प्रारब्धाचा गुलाम आहे, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला नेहमी निघतो. मला मात्र तो आमच्या घरच्या चुलीपुढे पडला. गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाच्या हातून माझी कॉलेजची वही विस्तवात पडली आणि अर्धी जळाली. रागाच्या भरात मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याच्या गालावर बोटे उठली. आजी म्हणाली की पोरगी बापावर गेली, हा राग रक्तातलाच आहे, तो काही जायचा नाही. खरे सांगायचे तर ते ऐकून मला बरे वाटले. दोष माझा नव्हता, रक्ताचा होता!

पण भाऊ दोन दिवस माझ्याजवळ फिरकला नाही, तेव्हा ते बरे वाटणे ओसरले. आमचे चांदे मुळशी तालुक्यातले. तिथून देहूला एका दिवसात जाऊन येता येते. तुकोबांचे अभंग लहानपणापासून कानावर पडत आलेले. पण त्या अभंगांमागचा माणूस कसा घडला, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो या वर्षी केला.

तुकोबांचा जन्म इ. स. १६०८ मध्ये देहू येथे झाला, असे बरेच अभ्यासक मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. जात कुणब्याची, धंदा वाण्याचा. घरात विठ्ठलाची उपासना आणि पंढरीची वारी पिढ्यानपिढ्या चालत आलेली. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे असल्यामुळे संसाराचा भार लहान वयातच तुकोबांवर आला. पुढे आईवडील गेले, भावजय गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. त्यातच १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. धंदा बुडाला, दिवाळे निघाले. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. जेमतेम बाविशीतल्या माणसावर हे सारे कोसळले!

आपल्याकडे कर्माचे तीन प्रकार सांगतात : संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. संचित म्हणजे साठलेले, प्रारब्ध म्हणजे त्यातले भोगायला आलेले आणि क्रियमाण म्हणजे आज आपण जे करतो ते. दुष्काळ हे तुकोबांचे प्रारब्ध होते; त्यावर त्यांचा काही इलाज नव्हता. पण त्यानंतर त्यांनी जे केले ते क्रियमाण होते. भामनाथाच्या डोंगरावर एकांतात राहून परतल्यावर त्यांनी लोकांकडच्या येण्याची खतपत्रे काढली. निम्मी धाकटे बंधू कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ज्याच्या घरात दाणा नाही त्याने दुसऱ्याचे कर्ज सोडून द्यावे, हे कोणत्या रक्ताने शिकवले? वाण्याच्या पेढीवरची सवय तर याच्या अगदी उलट सांगत होती.

पण एका दिवसाच्या निश्चयाने मन बदलत नाही. मला तुकोबांचे सर्वांत मोठेपण इथे वाटते. त्यांनी स्वतःच कबूल केले आहे, की आरंभी एकादशीला कीर्तन करू लागले तेव्हा त्यांचे चित्त अभ्यासात नव्हते. मग त्यांनी काय केले? पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त केले. पुढे उभ्या असलेल्या कीर्तनकाराच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. आधीच्या संतांची वचने विश्वासाने पाठ केली. नंतर कवित्व स्फुरले. म्हणजे मन तयार होईपर्यंत ते थांबले नाहीत. शरीर कामाला लावले, वाणी नामाला लावली आणि मनाला मागून यायला लावले. गीतेत चंचल मनावर अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले आहेत. तुकोबांनी ते जगून दाखवले.

या अभ्यासाची परीक्षाही झाली. मंबाजी गोसाव्याने त्यांना काटेरी फांदीने मारले, तरी रात्री तो कीर्तनाला आला नाही म्हणून तुकोबा स्वतः त्याला बोलवायला गेले, असे चरित्रकार सांगतात. वाघोलीच्या रामेश्वरशास्त्रींच्या आक्षेपामुळे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसून राहिले. पुढे वह्या वर आल्या अशी श्रद्धा आहे. तेच रामेश्वरशास्त्री नंतर त्यांचे शिष्य झाले. म्हणजे दुसऱ्याच्या मनालाही वळण लागू शकते! इ. स. १६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबांनी देहूचा निरोप घेतला. आपण तो दिवस तुकाराम बीज म्हणून पाळतो.

कोणी म्हणेल, तुकोबांनी तर सारे श्रेय विठ्ठलाला दिले. मग माणसाचे स्वातंत्र्य कुठे राहिले? मला वाटते, ते त्यांच्या कष्टात राहिले. श्रेय देवाचे मानले म्हणून त्यांनी एक दिवसही अभ्यास सोडला नाही. आणि अपयश आले तेव्हा दोष मात्र प्रारब्धावर ढकलला नाही. स्वतःच्या मनाची झाडाझडती घेतली.

त्यांच्या वह्या नदीत गेल्या, माझी एक वही चुलीत गेली. तुलना करण्याची माझी योग्यता नाही. पण राग रक्तात असेलही, हात मात्र माझा होता, एवढे मला कळले. अर्धी जळालेली वही मी पुन्हा उतरवून काढली. भाऊ शेजारी बसून पाने वाचून दाखवत होता. मध्येच त्याने दोन ओळी गाळल्या तेव्हा राग आलाच. मी पेन खाली ठेवले, थोडी थांबले आणि त्याला ते पान पुन्हा वाचायला सांगितले. अभ्यास सुरू झाला आहे, एवढेच आज म्हणू शकते.