सबबींना नाव देणारे डॉक्टर

मूल ओरडले नाही, म्हणजे त्याची हरकत नव्हती. आपण तर त्याचे लाडच करत होतो. त्या दिवशी दारू जास्त झाली होती. मुलांवर लैंगिक अत्याचार केलेल्या कैद्यांवर उपचार करणाऱ्यांना असली कारणे नेहमी ऐकावी लागतात. विशेष म्हणजे, सांगणाऱ्याचा त्यांवर बऱ्याचदा मनापासून विश्वास असतो. स्वतःलाच पटवलेल्या अशा कारणांसाठी मानसशास्त्रात ‘रॅशनलायझेशन’ हा शब्द रूढ केला तो अर्नेस्ट जोन्स यांनी. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला ‘समर्थन’ म्हणतात. फ्रॉइडचे चरित्रकार म्हणून जोन्स प्रसिद्ध आहेत, पण या शब्दाशी त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचाही संबंध येतो.

त्यांचा जन्म १ जानेवारी १८७९ चा, दक्षिण वेल्समधला. लंडनला त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि सुवर्णपदकही मिळवले. हुशार, महत्त्वाकांक्षी आणि जिभेने जरा तिखट असा हा तरुण मेंदूविकारांकडे वळला. १९०६ मध्ये गतिमंद मुलांच्या एका शाळेत ते तपासणीसाठी गेले असता त्यांनी असभ्य वर्तन केल्याची तक्रार तिथल्या मुलींनी केली. जोन्स यांना अटक झाली. न्यायदंडाधिकाऱ्यांनी खटला फेटाळला आणि डॉक्टरमंडळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली. १९०८ मध्ये पुन्हा वादळ उठले. हात लुळा पडलेल्या दहा वर्षांच्या एका मुलीच्या आजारामागे लैंगिक कारण असावे, असे वाटून त्यांनी तिच्याशी त्या विषयावर बोलणे केले. पालकांनी तक्रार केली आणि रुग्णालयाने राजीनामा मागितला.

त्यानंतर लगेचच, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, साल्झबर्ग येथे मनोविश्लेषकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे जोन्स यांनी रोजच्या जगण्यातील समर्थनांवर निबंध वाचला. माणूस आधी कृती करतो किंवा मत बनवतो आणि शोभेसे कारण नंतर शोधतो. खरा हेतू मात्र त्याच्यापासूनही लपलेला राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. निबंध गुन्हेगारांविषयी नव्हता, तुमच्या-आमच्याविषयी होता. खटल्यातून सुटलेल्या माणसावर आज नव्याने निकाल देता येणार नाही. तरीही त्या वर्षी त्यांनी नेमका हाच विषय निवडावा, याची नोंद घेतल्यावाचून राहवत नाही.

पुढे कॅनडा, मग पुन्हा लंडन. ब्रिटनमध्ये मनोविश्लेषणाची संस्था त्यांनी उभी केली. १९३८ मध्ये नाझींनी व्हिएन्ना घेतल्यावर ते विमानाने तिथे पोहोचले आणि फ्रॉइड कुटुंबाला बाहेर काढण्यासाठी त्यांनी धावपळ केली. फ्रॉइडचे तीन खंडी चरित्र हे त्यांचे अखेरचे मोठे काम. ११ फेब्रुवारी १९५८ रोजी ते वारले.

१९८४ मध्ये अमेरिकेतील जीन एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुलांवर अत्याचार करणाऱ्यांच्या अशा समजुतींना विचारांतील विकृती म्हणून अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले. त्यावर गटोपचार उभे राहिले. गुन्हा तपशीलवार कबूल करायचा आणि प्रत्येक सबब गटासमोर खोडून काढायची, अशी ती पद्धत. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत १९९१ पासून असा कार्यक्रम चालला. २०१७ मध्ये सरकारी मूल्यमापन आले, तेव्हा उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केलेला आढळला. उपचार न घेतलेल्या, पण तशाच कैद्यांमध्ये हे प्रमाण ८ टक्के होते. कार्यक्रम बंद झाला.

याचा इशारा आधी मिळाला होता. रूथ मान आणि शॅड मरुना यांनी २००६ मध्येच लिहिले होते की, गुन्ह्यानंतर सबब सांगणे ही सर्वसामान्य मानवी प्रतिक्रिया आहे, ती धोक्याची खूण मानू नये. जोन्सही साधारण हेच सांगत होते! पकडले गेल्यावर दिलेले कारण वेगळे आणि मुलांनाही लैंगिक इच्छा असते असा आधीपासून मुरलेला समज वेगळा. यातला दुसरा अधिक घातक. म्हणून नव्या कार्यक्रमांत गुन्ह्याची कबुली ही प्रवेशाची अट राहिलेली नाही. लैंगिक विचारांत गुरफटणे, रागावर आणि मोहावर ताबा नसणे, एकटेपणा, सुटकेनंतरचे काम आणि माणसे यांवर आता भर असतो. सबब ऐकली जाते, पण ती मान्य केली जात नाही आणि तिच्याशी कुस्तीही खेळली जात नाही.

जोन्स यांचे अपुरे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९५९ मध्ये छापले गेले. १९०६ च्या प्रकरणाची त्यांची बाजू त्यात आहे.