कैलासचंद्र महिंद्रा आणि सातपुड्याची जीप

नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याहून निघालेला रस्ता चांदसैली घाटाने सातपुड्यात शिरतो आणि धडगावला पोहोचतो. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात, उन्हाळ्यात रस्त्यावर सुटी खडी उरते. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारी वाटही फारशी वेगळी नाही. या दोन्ही वाटांवर अनेक दशके माणसे वाहून नेली ती जीपने. आत बसायला जागा नसली की प्रवासी मागच्या पायरीवर उभे राहत, सामान टपावर जाई. बाजारचा दिवस असो, दवाखाना असो वा दिवाळीतील अस्तंब्याची यात्रा, पायथ्यापर्यंतचा भरवसा जीपचाच. पुढे या गाड्यांवर निरनिराळी नावे आली, तरी डोंगरातल्या माणसाच्या तोंडी शब्द एकच राहिला, तो म्हणजे जीप. हा शब्द आणि हे वाहन भारतात रुजवणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा ज्यांचा, ते कैलासचंद्र महिंद्रा मात्र मोटारींच्या धंद्यातून वर आलेले गृहस्थ नव्हते.

त्यांचा जन्म १८९४ चा, पंजाबातील लुधियान्याचा. नऊ भावंडांचे कुटुंब. वडील लवकर गेल्याने घराचा भार थोरले बंधू जगदीशचंद्र यांच्यावर पडला. जगदीशचंद्रांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये तंत्रशिक्षण घेतले आणि धाकट्यांच्या शिक्षणात काही कमी पडू दिले नाही. कैलासचंद्र लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकले आणि तेथून केंब्रिजला गेले. परतल्यावर ते कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीत रुजू झाले. व्हिक्टोरिया मेमोरियलची वास्तू उभारणारी ही कंपनी सर राजेंद्रनाथ मुखर्जींची. मुखर्जींचे चरित्र कैलासचंद्रांनी लिहिले आणि ते १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका भारतीय अभियंत्याने इंग्रजांच्या राज्यात उद्योग कसा उभा केला, याचा असा जवळून अभ्यास करणारा माणूस पुढे स्वतःच कारखानदार व्हावा, यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

दुसऱ्या महायुद्धाने दोघा भावांच्या आयुष्याला वळण दिले. टाटांच्या पोलाद कंपनीत विक्रीचे काम पाहिलेल्या जगदीशचंद्रांकडे सरकारने पोलाद नियंत्रणाची जबाबदारी सोपवली. कैलासचंद्र १९४२ मध्ये भारताच्या खरेदी मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत गेले. अमेरिकेचे कारखाने तेव्हा रात्रंदिवस युद्धसामग्री घडवत होते आणि त्यात एक लहानसे, चौकोनी, चारही चाकांना ताकद देणारे वाहन होते. बँटम कंपनीने १९४० मध्ये त्याचा पहिला नमुना बनवला, पण विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर काढल्या. विलीजचे अभियंते बार्नी रूस यांची आणि कैलासचंद्रांची अमेरिकेत भेट झाली आणि त्यातूनच भारतात जीप आणण्याची कल्पना निघाली, असे सांगितले जाते. रस्ते नसलेल्या देशाला रस्त्यांची वाट न पाहणारे वाहन हवे, हा हिशेब त्यामागे असावा.

१९४५ मध्ये महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांना सोबत घेऊन महिंद्रा अँड महंमद ही कंपनी काढली. सुरुवातीचा धंदा पोलादाच्या व्यापाराचा होता. दोन वर्षांत फाळणी झाली आणि गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा असे बदलले. अगोदर छापून ठेवलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून आद्याक्षरे तीच राखली, ही आख्यायिका उद्योगवर्तुळात आवडीने सांगितली जाते. पुढे १९५५ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत प्रमुख पाहुणे म्हणून आले ते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झालेले हेच गुलाम महंमद.

ऑक्टोबर १९४७ मध्ये सुट्या भागांच्या स्वरूपात ७५ जीप विलीजकडून आल्या. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला जोडणीचा कारखाना सुरू झाला. मात्र केवळ जोडणीवर फार काळ निभावणार नव्हते. सरकारने १९५३ मध्ये धोरण ठरवले, की ज्यांना टप्प्याटप्प्याने येथेच भाग बनवायचे असतील त्यांनीच या धंद्यात राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी तेव्हा काढता पाय घेतला. महिंद्रांनी १९५४ मध्ये विलीजशी उत्पादनाचा सहयोग करार केला. तत्पूर्वीच, १९५१ मध्ये, जगदीशचंद्रांचे निधन झाले होते. थोरल्या भावाच्या पश्चात हा निर्णय निभावण्याचे काम कैलासचंद्रांच्या वाट्याला आले. दोन बड्या परदेशी कंपन्या जेथून उठून गेल्या, तेथे बसून राहण्याला धाडस लागते. त्यांच्या कारकिर्दीतील हा सर्वांत अवघड निर्णय म्हणावा लागेल.

या निर्णयाचे फळ डोंगरात कसे दिसले, हे समजण्यासाठी जीपच्या पोटाखाली डोकवावे लागते. जुन्या जीपचे चारही कोपरे पाट्यांवर तोललेले असत. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या या जुडग्यात सर्वांत लांब असतो तो मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात. एक टोक पिनेने चेसिसला जखडलेले, तर दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या कडीला अडकवलेले असते, कारण चाक दगडावर चढले की पाटा सरळ होऊन लांबतो आणि त्या वाढीव लांबीला हलायला जागा लागते. पाट्याच्या टोकात आणि पिनेच्या मध्ये बसते ते बुश. आकाराने अंगठ्याएवढे, किमतीने नगण्य, पण सगळा धक्का आधी त्याच्यावर येतो. विलीजच्या जुन्या जीपमध्ये पिनेच्या बाजूला ब्राँझचे बुश असे, शॅकलच्या बाजूला आटे पाडलेले. काही शॅकलना एका बाजूला उलटे आटे असत आणि ओळखण्यासाठी तेथे लहानसा उंचवटा ठेवलेला असे. ही खूण ठाऊक नसलेल्या मेकॅनिकने पाना नेहमीच्या दिशेने फिरवला की आट्यांचे मातेरे ठरलेले. पुढे रबरी बुश आले आणि ग्रीसचे काम कमी झाले.

दगडधोंड्यांच्या वाटेवर पोट घासू नये म्हणून जीप उंच करून घेण्याची हौस आणि गरज दोन्ही जुन्या आहेत. अधिक बाकाचे पाटे घालणे, लांब शॅकल लावणे किंवा पाटा ॲक्सलच्या खालून काढून वर बसवणे, असे त्याचे मार्ग आहेत. उंची वाढली की शॅकलचा कोन बदलतो, गाडीचा भार अधिक उंचावरून डोलतो आणि प्रत्येक डोलण्याचा पीळ बुशवर येतो. जुनी, अंडाकृती झिजलेली बुश तशीच ठेवून नवे पाटे चढवले, तर गाडी सरळ रस्त्यावरही भरकटते, स्टिअरिंग थरथरते, ब्रेक लावताच खालून ठणका ऐकू येतो. घाटाच्या वळणावर याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगायला नको. म्हणून पाटे उतरले की बुश, पिना आणि यू-बोल्ट नवेच घालावेत, असा जाणत्या गॅरेजवाल्यांचा शिरस्ता आहे.

हे काम अवघड नाही, पण घाईचे नाही. चेसिसखाली घोड्या लावून चाकांवरचा भार काढावा लागतो. गंजून पिनेला चिकटलेले जुने बुश दाबयंत्राने किंवा उष्णता देऊन काढावे लागते. रबरी बुशला तेलकट ग्रीस लावायचे नसते, त्याने रबर फुगते. सर्वांत जास्त चूक होते ती शेवटी. पोलादी नळीला चिकटवलेले रबरी बुश गाडी हवेत असताना घट्ट आवळले, तर गाडी खाली टेकताच रबर पिळले जाते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट आधी हातापुरते लावून, गाडी चाकांवर उभी करून, मगच आवळायचे असतात. उंची बदलल्यावर ब्रेकचे पाइप पुरतात का, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला का, हेही पाहावे लागते. कायद्यानेही वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, याचा विसर हौशी मंडळींना पडतो.

ज्या वाहनाचा हा सांधा जॅक, घोड्या, पाने आणि हातोडा एवढ्यावर उघडता येतो, ते तालुक्याच्या गावी जगते. १९५२ मध्ये सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकारी व त्याची जीप ही जोडी खेडोपाडी पोहोचली. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशात होता. तो स्वतंत्र झाला १ जुलै १९९८ रोजी. सरकारी जीपपाठोपाठ खासगी जीप आल्या आणि त्यांच्यामागून त्यांची दुरुस्तीही. सुटे भाग देशातच बनू लागले नसते, तर एका बुशसाठी बोटीची वाट पाहावी लागली असती आणि गाडी घाटाच्या तोंडाशी उभी राहिली असती. १९५४ च्या कराराची किंमत मुंबईच्या ताळेबंदात जशी मोजता येते, तशी ती येथेही मोजता येते.

कैलासचंद्रांचे काम मोटारींपुरते नव्हते. १९४६ मध्ये देशातील कोळसा क्षेत्रांचा अभ्यास करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९५३ मध्ये त्यांच्या नावाने शिक्षणासाठी विश्वस्त निधी सुरू झाला आणि तो आजही शिष्यवृत्त्या देतो. भावाच्या कष्टावर शिकलेल्या माणसाने हे करणे स्वाभाविकच होते. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी पुढच्या पिढीतील केशुब महिंद्रा यांनी अध्यक्षपदाची सूत्रे घेतली.

जुन्या विलीज आता हौशी संग्राहकांकडे किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात दिसतात. जीपचे वारसपद सांगणाऱ्या थार गाडीने २०२० च्या आवृत्तीत पाट्यांना रजा देऊन चारही बाजूंना गुंडाळी स्प्रिंग घेतल्या. बोलेरोने मात्र मागच्या चाकांवर पाटे राखले आहेत, आणि त्यांच्या टोकांत अजूनही बुश असते.